अग्निशमन दलाचा पैसा आणि प्रमुखपद: नागरिकांनी हिशेब कसा मागायचा

शहरात मोठी आग लागली की आठवड्याभरात आयुक्तांच्या टेबलावर निवेदनांचा गठ्ठा जमतो. ‘अग्निशमन दल सक्षम करावे’, ‘अत्याधुनिक यंत्रणा द्यावी’, ‘रिक्त पदे तातडीने भरावीत’. त्यावर ‘आपले निवेदन संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव पाठविले आहे’ असं दोन ओळींचं पत्र येतं आणि विषय मिटतो. या निवेदनांत एकही आकडा नसतो, एकही लेखाशीर्ष (अंदाजपत्रकात खर्चाच्या ओळीचं नाव) नसतं, कोणत्या वर्षाचं काय राहिलं याचा उल्लेख नसतो. त्यामुळे उत्तर देणाऱ्यालाही नेमकं काही सांगावं लागत नाही.

अग्निशमन दलावर किती पैसा ठेवला, त्यातला किती खर्च झाला, किती माणसं खरोखर कामावर आहेत आणि दलाचा प्रमुख कोणत्या आदेशाने त्या खुर्चीत बसला आहे, हे कागदोपत्री कसं मिळवायचं आणि मिळाल्यावर कुठे मांडायचं याची ही पद्धत आहे. ती महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांसाठी लिहिली आहे. इमारतीचं फायर ऑडिट हा वेगळा विषय. सोसायटीने जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा ‘नमुना ब’ हा इमारतीच्या यंत्रणेचा दाखला असतो, त्याचा दलाच्या कारभाराशी संबंध नाही. बरेच अर्ज हे दोन्ही एकत्र करतात आणि मग दोन्हीचं उत्तर येत नाही.

टप्पा १: आधी दार ओळखा

अग्निशमन सेवा संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे नागरी भागात ती स्थानिक संस्थेच्या कामांत मोडते. पण ‘स्थानिक संस्था’ कोणती, इथेच पहिली गल्लत होते.

महापालिका असेल तर दल, त्याचं बजेट आणि भरती बहुतांश महापालिकेच्याच हातात असते. नगरपरिषदेत बंब आणि केंद्र नगरपरिषदेचं, पण अग्निशमन अधिकारी राज्यस्तरीय संवर्गातला, म्हणजे राज्याच्या सामायिक सेवेतला असतो. म्हणून ‘आमच्या गावाला अधिकारी का नाही’ असं मुख्याधिकाऱ्यांना विचारलं की ‘सदर बाब शासनस्तरावरील आहे’ असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. तो प्रश्न नगरपरिषद प्रशासन संचालनालयाला विचारायचा. औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीचं स्वतंत्र दल असतं. खेड्यात तर बहुतेक वेळा जवळच्या नगरपरिषदेचा किंवा साखर कारखान्याचा बंब धावून येतो, आणि ग्रामपंचायतीकडे त्याचा एकही कागद नसतो.

तपासून पाहा: तुमच्या भागात वर्दीवर (आगीची खबर मिळाल्यावर) येणाऱ्या बंबाच्या दारावर कोणत्या संस्थेचं नाव रंगवलेलं आहे? अर्ज त्या संस्थेकडे जातो. शहराच्या हद्दीवर राहत असाल तर हे नाव तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघू शकतं.

टप्पा २: फुकट मिळणारे कागद आधी गोळा करा

थेट माहिती अधिकाराचा अर्ज ठोकायची घाई नको. निम्मी माहिती उघड्यावर पडलेली असते, आणि ती वाचल्याशिवाय अर्जात नेमकं काय विचारायचं तेच कळत नाही.

पहिला कागद अंदाजपत्रक. शेवटच्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं महापालिकेच्या संकेतस्थळावर लेखा विभागाच्या पानावर सापडतात. आयुक्तांचं भाषण बाजूला ठेवा, आकड्यांची जाड पुस्तिका घ्या.

दुसरा, तुमचंच मिळकतकराचं बिल. पुण्यासह अनेक महापालिकांच्या बिलावर ‘अग्निशामक कर’ अशी वेगळी ओळ असते. वर्षानुवर्षं आपण ती भरतो आणि क्वचितच वाचतो. तुमच्या बिलावर ती असेल तर रक्कम लिहून ठेवा. पुढे जमा बाजू तपासताना ती लागते.

तिसरा, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती. तिचे १७ मुद्दे असतात. त्यात अधिकाऱ्यांची कर्तव्यं, त्यांचे अधिकार, विभागाला दिलेली तरतूद हे सगळं येतं. बऱ्याच ठिकाणी ती पाच-सात वर्षं जुनी असते. जुनी असली तरी छापून ठेवा, कारण ती अद्ययावत न करणं हा स्वतंत्र मुद्दा होतो.

चौथा, मुख्य लेखापरीक्षकांचा अहवाल. त्यात अग्निशमन विभागावरचे आक्षेप शोधा. न वापरलेलं साहित्य, मुदत संपलेली देखभाल, वसूल न झालेलं शुल्क असं काहीतरी तिथे सापडतं.

याशिवाय २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन आदेशानुसार महापालिकांसह जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. प्रत्यक्षात कुठे हे नीट चालतं, कुठे ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकावं लागतं. आदल्या आठवड्यात फोन करून किंवा लेखी कळवून जा, आणि कोणती नस्ती (फाइल) पाहायची ते आधी सांगा.

सावधान: वर्तमानपत्रातला ‘अग्निशमन दलासाठी अमुक कोटी’ हा मथळा पुरावा म्हणून वापरू नका. तो बहुधा मूळ तरतुदीचा आकडा असतो, आणि तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. का, ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा ३: अंदाजपत्रकातली ओळ वाचा, तीही चार रकान्यांत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ काढा.

प्रत्येक लेखाशीर्षासमोर साधारण चार आकडे असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाची सुधारित तरतूद आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक शेवटचा आकडा बघतात आणि खूश होतात किंवा चिडतात. तुम्ही एकाच लेखाशीर्षाचा तीन वर्षांचा प्रवास एका कागदावर मांडा.

उदाहरणादाखल समजा, नवीन केंद्राच्या बांधकामासाठी मूळ तरतूद १२ कोटी होती. डिसेंबर-जानेवारीत ती सुधारून ४ कोटी झाली. वर्ष संपलं तेव्हा प्रत्यक्ष खर्च ६० लाख. पुढच्या वर्षी पुन्हा १२ कोटी. ही ओळ तीन वर्षं अशीच दिसली तर केंद्र उभं राहत नाही, तरतूद मात्र दरवर्षी जाहीर होते. मधले ८ कोटी गेले कुठे याचं उत्तर ‘वर्गीकरण’ या कागदात असतं. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे असतील तर तसा प्रस्ताव स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभेपुढे येतो. निवडून आलेलं सभागृह नसून प्रशासक असतील तर त्यांच्याच सहीने मंजूर होतो. त्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख हे तुमच्या हातातलं सगळ्यात भक्कम साधन आहे. पैसे रस्त्याच्या काँक्रिटला गेले की सुशोभीकरणाला, ते त्यात लिहिलेलं असतं.

आता दुसरी अडचण, जी बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. अग्निशमनाचा सगळा पैसा ‘अग्निशमन’ या शीर्षाखाली नसतो. पगार आस्थापना खर्चात. केंद्राची इमारत बांधकाम किंवा भवन विभागाकडे. बंबाची दुरुस्ती आणि डिझेल अनेक ठिकाणी मोटार वाहन विभागाकडे. गणवेश, बूट, हेल्मेट मध्यवर्ती भांडाराकडे. त्यामुळे ‘अग्निशमन विभागाची तरतूद फक्त इतकी’ असं पत्रक काढलंत की लेखा विभाग दुसऱ्या दिवशी बाकीची शीर्षं दाखवून तुमचा आकडा खोडतो, आणि पुढचं खरं म्हणणंही मग कोणी ऐकत नाही. आधी चारही ठिकाणं धुंडाळा, मग बेरीज करा.

उलट बाजूने हेच विखुरलेपण दलाच्याही मुळावर येतं. बंबाचा पंप बिघडला की केंद्र अधिकारी कळवणार, मोटार वाहन विभाग अंदाज काढणार, लेखा विभाग तरतूद आहे का बघणार. प्रत्येक टेबलावर काही दिवस गेले तरी गाडी महिनाभर उभी राहते. तरतूद पुरेशी असूनही असं घडू शकतं, म्हणून नुसती ‘निधी वाढवा’ ही मागणी कधी कधी चुकीच्या दुखण्यावरचं औषध ठरते.

जमा बाजूही बघा. अग्निशामक कर, बांधकाम परवानगीच्या वेळी विकसकांकडून घेतलं जाणारं अग्निशमन सेवा शुल्क, खाजगी कार्यक्रमांना बंब उभा केल्याचं शुल्क. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू झाल्यापासून शुल्काची ही बाजू मोठी झाली आहे. उंच इमारती वाढतात तशी जमा वाढते. खर्च त्या प्रमाणात वाढला का, हा साधा प्रश्न सभागृहात विचारला गेला की टोलवणं कठीण जातं.

महापालिकेबाहेरून येणारा पैसा वेगळा नोंदवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांतल्या अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. आपल्यासारख्या राज्याला त्यात २५ टक्के वाटा घालावा लागतो. नगरपरिषदांना जिल्हा वार्षिक योजनेतूनही बंबासाठी पैसे मिळतात. इथे विचारायचं ते असं: आपल्या शहराने प्रस्ताव पाठवला का, कधी पाठवला, काय मंजूर झालं, आणि उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिलं का. हे प्रमाणपत्र अडकलं की पुढचा हप्ताही अडकतो.

तपासून पाहा: तुमच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे पुस्तिकेचं वर्ष, पान आणि लेखाशीर्ष आहे का? नसेल तर तो आकडा तक्त्यातून काढा.

टप्पा ४: मंजूर पदं आणि पाळीतली माणसं

आकृतिबंध हा शब्द लक्षात ठेवा. कोणत्या संवर्गाची किती पदं मंजूर आहेत याचा तो अधिकृत तक्ता. त्यासमोर भरलेली आणि रिक्त असे दोन रकाने मागायचे. इथवर सगळे जातात. पण खरी स्थिती पुढच्या प्रश्नात कळते: एका पाळीत, एका केंद्रावर, प्रत्यक्ष किती जण हजर असतात?

हिशेब करून बघा. एका बंबावर चालक, तांडेल (फायरमनचा म्होरक्या) आणि चार फायरमन असे सहा जण धरले, तर तीन पाळ्यांना १८ लागतात. साप्ताहिक सुट्टी धरली की २१. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की २३-२४. म्हणजे ‘केंद्रात २० माणसं आहेत’ हे ऐकायला भरपूर वाटलं, तरी एक बंबसुद्धा कायम पूर्ण माणसांनिशी निघत नाही. दोन बंब असतील तर एक शोभेला. काही ठिकाणी ही तूट बारा किंवा चोवीस तासांच्या पाळ्या लावून झाकलेली असते, म्हणून पाळीचे तासही विचारा.

संवर्गनिहाय रिक्त पदं बघताना चालकांकडे आधी नजर टाका. फायरमन भरले आणि चालक नाहीत, तर नवा बंब शेडमध्येच राहतो. कंत्राटी आणि ठोक मानधनावरची माणसं वेगळ्या रकान्यात घ्या. ती ‘भरलेली’ या आकड्यात मिसळून दाखवली जातात, आणि त्यांचं प्रशिक्षण कुठे व किती झालं हा प्रश्न तसाच राहतो.

भरती का होत नाही असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं: आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या वर गेला आहे, त्यामुळे शासन परवानगी देत नाही. मर्यादा खरी आहे. पण हे ऐकून परत येऊ नका. पुढचे दोन प्रश्न विचारा. सध्याची टक्केवारी नेमकी किती? आणि अत्यावश्यक सेवा म्हणून अग्निशमन पदांसाठी सूट मागणारा प्रस्ताव नगरविकास विभागाकडे पाठवला का, असल्यास त्याचा जावक क्रमांक काय? प्रस्तावच गेलेला नसेल तर चेंडू महापालिकेच्या अंगणात आहे, मंत्रालयाच्या नाही.

टप्पा ५: प्रमुखपदाची तपासणी

इथे भाषा जपा. तुमचा प्रश्न पदाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. अर्जात अधिकाऱ्याचं नाव घातलंत, त्यांची जात प्रमाणपत्रं, गोपनीय अहवाल, मालमत्ता मागितलीत, की अर्ज फेटाळला जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आहे, त्यामुळे वैयक्तिक माहिती म्हणून नकार देणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. पदाची माहिती मागा.

मागायचे कागद हे:

१. मुख्य अग्निशमन अधिकारी पदाचे सेवाप्रवेश नियम. शैक्षणिक अर्हता, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा अभ्यासक्रम, अनुभवाची वर्षं आणि नेमणुकीचे अधिकार कोणाला, हे त्यात असतं.

२. गेल्या पाच वर्षांत या पदावर केलेल्या नेमणुकांचे आदेश. कायम, पदोन्नती, प्रतिनियुक्ती की अतिरिक्त कार्यभार, हे आदेशाच्या पहिल्याच परिच्छेदात कळतं.

३. पद रिक्त किंवा प्रभारी असल्यास ते भरण्यासाठी केलेली कार्यवाही: जाहिरात, पदोन्नती समितीच्या बैठकीची तारीख, शासनाशी पत्रव्यवहार.

४. मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना दिलेल्या आर्थिक अधिकारांचा आदेश.

चौथा कागद कोणी मागत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका असतो. दलाचा प्रमुख स्वतःच्या सहीने किती रुपयांपर्यंत खर्च करू शकतो? फाटलेला होज (पाण्याचा पाइप) बदलायला त्याला कोणाकोणाची सही लागते? अधिकार नगण्य असतील तर दोष खुर्चीतल्या माणसावर टाकण्यात अर्थ नाही, मागणी अधिकार वाढवण्याची करायला हवी.

प्रभारी कारभार तसा बेकायदा नसतो. एखादा अधिकारी निवृत्त झाला, नेमणुकीला चार महिने लागले, समजू शकतो. प्रश्न तेव्हा उभा राहतो जेव्हा ‘पुढील आदेश होईपर्यंत’ दिलेला कार्यभार वर्षानुवर्षं चालतो, किंवा अग्निशमनाचं प्रशिक्षण नसलेल्या दुसऱ्या विभागाच्या अधिकाऱ्याकडे तो जातो, किंवा एकाच माणसाकडे आपत्ती व्यवस्थापनासह तीन खुर्च्या असतात. सेवाप्रवेश नियम आणि कार्यभाराचा आदेश शेजारी-शेजारी ठेवा, तफावत आपोआप दिसेल. त्यावर विशेषणं लावायची गरज नाही.

सावधान: दलातल्या गटबाजीतून तुमच्याकडे निनावी पत्रं, फोटो, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या येतील. त्या जशाच्या तशा पुढे पाठवू नका. त्यात एखादा कागद असल्याचा उल्लेख असेल तर तो कागद रीतसर मागवा. मिळाला तर वापरा.

टप्पा ६: गाड्या आणि वेळ

हे थोडक्यात उरकतं. प्रत्येक वाहनाचा प्रकार, नोंदणीचं वर्ष, सध्याची स्थिती आणि गेल्या वर्षात बंद राहिलेले दिवस मागा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी रद्द धरली जाते. तेव्हा येत्या दोन वर्षांत कोणते बंब बाद होणार आणि त्यांच्या जागी खरेदीची तरतूद कुठे आहे, हे आत्ताच विचारता येतं.

वेळेसाठी वर्दी नोंदवहीतला एकच महिना मागा: वर्दी मिळाल्याची, बंब निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, केंद्रनिहाय. पत्ते, नावं नकोत. अख्ख्या वर्षाची मागणी केली की ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ म्हणून कार्यालयात येऊन बघा असं उत्तर येतं. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा सर्वसाधारण निकष नागरी भागात ५ ते ७ मिनिटं आणि ग्रामीण भागात २० मिनिटांचा आहे. तो शिफारस आहे, कायदा नाही. ‘निकषाचा भंग झाला, गुन्हा दाखल करा’ असं लिहू नका. ‘निकषापेक्षा किती जास्त वेळ लागतो’ एवढंच मांडा. केंद्रातून निघायलाच वेळ लागतोय की रस्त्यात लागतोय, हे वेगळं काढा. पहिल्याचं कारण माणसांची तूट असतं, दुसऱ्याचं केंद्राची जागा किंवा अरुंद रस्ते.

टप्पा ७: माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. पैसा, पदं आणि वाहनं असे तीन विषय असतील तर तीन वेगळे अर्ज करा. एकात कोंबलेत की जन माहिती अधिकाऱ्याला नकाराचं कारण तयार मिळतं. नमुना असा:

*विषय: अग्निशमन विभागातील पदांची माहिती. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत.*
*१) अग्निशमन विभागाच्या मंजूर आकृतिबंधाची प्रत.*
*२) संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे दर्शवणारा अद्ययावत तक्ता. कंत्राटी कर्मचारी स्वतंत्र दर्शवावेत.*
*३) मुख्य अग्निशमन अधिकारी पदाच्या सेवाप्रवेश नियमांची प्रत.*
*४) सदर पदावरील नेमणूक / अतिरिक्त कार्यभाराच्या आदेशांच्या प्रती.*
*५) रिक्त पदे भरण्यासाठी नगरविकास विभागास पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत.*

‘का’ आणि ‘केव्हा भरणार’ हे शब्द अर्जात नकोत. माहिती अधिकारात अस्तित्वात असलेला कागद मिळतो, खुलासा किंवा आश्वासन मिळत नाही. ‘जीविताचा प्रश्न’ म्हणून ४८ तासांत उत्तर मागायची युक्तीही नको. ती तरतूद एखाद्या व्यक्तीच्या जीविताला किंवा स्वातंत्र्याला थेट धोका असताना वापरायची असते, अंदाजपत्रकासाठी नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. अपिलात नवीन माहिती मागू नका. कोणता मुद्दा मिळाला नाही एवढंच क्रमांकासह लिहा आणि सुनावणीला नक्की जा. कित्येकदा कागद त्या टेबलावरच हातात पडतो. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांच्या आत. पण आयोगाकडे प्रकरणं वर्षानुवर्षं तुंबलेली असतात, म्हणून सगळी मेहनत पहिल्या अर्जाच्या शब्दांवर घ्या.

तपासून पाहा: पोच घेतली का? टपालाने पाठवला असेल तर टपालाची पावती जपली का? तारखेचा पुरावा नसेल तर अपील लटकतं.

टप्पा ८: मागणी योग्य महिन्यात, योग्य टेबलावर

बहुतेक मागण्या मार्चमध्ये येतात, तेव्हा अंदाजपत्रक छापून झालेलं असतं. विभागांकडून मागणीपत्रकं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जमा होतात. आयुक्तांचा मसुदा जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीकडे येतो, मग सर्वसाधारण सभा. म्हणजे तुमचं पत्र दिवाळीच्या आसपास पोहोचायला हवं. कागद गोळा करायला जून-जुलैपासून लागा.

पत्र दोन पानांचं असू द्या, तक्ता तिसऱ्या पानावर. मागण्या तीनपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येकीत लेखाशीर्ष, रक्कम किंवा पदसंख्या हवी. ‘अमुक केंद्राच्या बांधकामाची तरतूद वर्गीकरणातून वगळावी’ ही मागणी ‘निधी वाढवावा’पेक्षा कितीतरी उपयोगी, कारण ती मान्य झाली की नाही हे पुढच्या मार्चमध्ये तपासता येतं.

क्रम असा ठेवा. आधी मुख्य अग्निशमन अधिकारी. त्यांना भेटा, आकडे दाखवा, चुकले असतील तर दुरुस्त करून घ्या. अनेकदा दलातले अधिकारी स्वतःच ही मागणी दरवर्षी करत असतात आणि वरून ती कापली जाते. ते पत्र मिळालं तर अर्धं काम झालं. मग आयुक्त. मग तुमच्या प्रभागाचे नगरसेवक आणि स्थायी समितीचे सदस्य. नगरसेवकाला भाषण नको असतं, सभागृहात विचारता येईल असा लेखी प्रश्न हवा असतो. तो तुम्हीच लिहून द्या. प्रमुखपद किंवा प्रशिक्षणाचा मुद्दा असेल तर प्रत महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे, पदभरतीचा असेल तर नगरविकास विभागाकडे. वीस जणांना ‘प्रत माहितीस्तव’ पाठवू नका. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

दोन दारं मुद्दाम टाळा. पुण्यात नागरिकांच्या सूचनांसाठी जे सहभागी अंदाजपत्रक असतं ते प्रभागातल्या छोट्या कामांसाठी आहे, तिथे अग्निशमन केंद्र मागितलं तर अर्ज बाद होतो. आणि लोकशाही दिनात आस्थापनाविषयक तक्रारी घेत नाहीत, म्हणून रिक्त पदांचा विषय तिथे टिकत नाही. तिथे जायचंच असेल तर ‘अमुक केंद्र रात्रपाळीत बंद असते’ अशी सेवेबद्दलची तक्रार करा, विहित नमुन्यात आणि १५ दिवस आधी.

लोकायुक्त आणि उच्च न्यायालय ही शेवटची पायरी आहे. तिथे जाण्यापूर्वी खालच्या प्रत्येक टेबलावरची पोच आणि उत्तर, किंवा उत्तर न आल्याचा पुरावा, फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावलेला हवा.

टप्पा ९: मंजुरीनंतरचे तीन मुक्काम

मागणी मान्य झाली, अंदाजपत्रकात ओळ आली, वर्तमानपत्रात बातमी आली. बहुतेक गट इथे सत्कार करून थांबतात, आणि पैसे पुढच्या आठ महिन्यांत दुसरीकडे जातात.

जुलैमध्ये विचारा: प्रशासकीय मान्यता झाली का, निविदा निघाली का. महाटेंडर या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा शोधताना अटी वाचा. शिडीची उंची शहरातल्या उंच इमारतींना पुरेशी आहे का, देखभालीचा करार किती वर्षांचा, चालकांचं प्रशिक्षण पुरवठादाराकडे आहे का. ऑक्टोबरमध्ये विचारा: सप्टेंबरअखेर लेखाशीर्षनिहाय किती खर्च झाला. शून्य असेल तर वर्गीकरणाची कात्री तुमच्याच ओळीवर येणार, तेव्हा त्याच आठवड्यात आयुक्तांना पत्र द्या. जानेवारीत सुधारित तरतूद बघा आणि मूळ आकड्याशी ताडा.

खरेदी झालेल्या बंबाच्या बाबतीत ‘गाडी आली’ एवढ्यावर थांबू नका. आरटीओ नोंदणी झाली का, कोणत्या केंद्राला दिली, तिच्यावर पाळीनिहाय कोण आहे, आणि वर्दी नोंदवहीत तिचा पहिला क्रमांक कधी लागला, हे चार प्रश्न एका अर्जात बसतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोरं आलं, तर पुढच्या सर्वसाधारण सभेचा प्रश्न लिहायला घ्या.